जुन्या स्कोअरकार्डातली रिकामी घरं कशी वाचायची

पेन्सिल घ्या, पेन नको. आणि चौकटींची वही. ज्या गोलंदाजाच्या मागे आपण लागणार आहोत तो १७९२ साली जन्मला. त्याच्याबद्दल आज लिहिलेलं उद्या खोडावं लागतं, निदान माझं तरी तसं झालं.

त्याचं नाव विल्यम लिलीव्हाइट. इंग्लंडमधल्या ससेक्स काउंटीचा. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, डोक्यावर उंच काळी टोपी, पँटला रुंद गॅलिस, आणि चेंडू जिथे हवा तिथेच पडणार. लोक त्याला ‘नॉनपरेल’ म्हणत, म्हणजे ज्याला जोड नाही असा. मला तो फार जवळचा वाटतो. का, ते आधी सांगते, कारण पुढची सगळी पद्धत त्यातूनच आली आहे.

मी दादरच्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर स्कोअर लिहायचे. सत्तावीस वर्षं लिहिला. पावसाळ्यात कांगा लीगच्या दिवसांत ताडपत्रीखाली बसून, वहीवर प्लास्टिक धरून लिहिला. एका सामन्यात डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने चार गडी बाद केले होते. पाचवा फलंदाज पुढे सरसावला, चुकला, यष्टिरक्षकाने बेल्स उडवल्या. वाऱ्याने ताडपत्री वर गेली होती, माझं लक्ष अर्धं तिकडे. मी ‘धावचीत’ लिहिलं. तो यष्टिचीत होता, आणि यष्टिचीतचा बळी गोलंदाजाला मिळतो, धावचीतचा मिळत नाही. दुसऱ्या संघाच्या स्कोअररने माझ्याकडेच विचारून लिहिलं, त्यामुळे संध्याकाळी दोन्ही वह्या बरोबर जुळल्या. त्या मुलाच्या नावापुढे चार बळी राहिले. पाच झाले असते तर दुसऱ्या दिवशी पेपरात नाव आलं असतं. तो मला काही बोलला नाही, नुसता वहीत डोकावून गेला. मला हे चार दिवसांनी, झोपेतून जागं झाल्यावर लख्ख कळलं.

लिलीव्हाइटची सुरुवातीची कार्डं पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं की याच्या बाबतीत हे एकदा नाही, वर्षानुवर्षं झालंय.

आता पद्धतीकडे. जुनी इंग्लिश कार्डं आज इंटरनेटवर सहज सापडतात. त्यातली बरीचशी आपल्यापर्यंत आली ती आर्थर हेगार्थ या माणसामुळे. त्यांनी आयुष्यभर जुने स्कोअर गोळा केले. कार्ड समोर आलं की आकड्यांवर विश्वास ठेवायच्या आधी बेरीज करा. मी १८२७ च्या तीन सामन्यांपासून सुरुवात करायला सांगेन, कारण लिलीव्हाइटच्या आयुष्याचं दार तिथे उघडतं.

तेव्हा कायद्याने चेंडू अंडरआर्म टाकायचा होता, आपल्या चाळीच्या अंगणात मुलं टाकतात तसा. पण काही जण हात हळूहळू वर नेऊ लागले होते. केंटचा जॉन विल्स हात बाजूला, खांद्याच्या रेषेत आडवा नेऊन टाकायचा. हीच राउंडआर्म. १५ जुलै १८२२ रोजी लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर पंचाने त्याला नो-बॉल दिला. विल्सने चेंडू फेकला, घोड्यावर बसला आणि निघून गेला, अशी कथा सांगतात. लिलीव्हाइट आणि त्याचा जोडीदार जेम्स ब्रॉडब्रिज निघून गेले नाहीत. ते तसंच टाकत राहिले आणि ससेक्स जिंकू लागलं. मग १८२७ मध्ये ससेक्स विरुद्ध इंग्लंड असे तीन सामने ठरले. ही राउंडआर्म चालवून घ्यायची की नाही, याची ती परीक्षा होती.

वहीत चार आकडे मांडा. पहिला सामना शेफील्डला, ४ ते ६ जून. इंग्लंड ८१ आणि ११२, ससेक्स ९१ आणि ३ बाद १०३. इंग्लंडची बेरीज १९३, ससेक्सची १९४. ससेक्स ७ गडी राखून विजयी. जुळलं. दुसरा लॉर्ड्सला, १८ आणि १९ जून. इंग्लंड १५२ आणि ६०, ससेक्स ९६ आणि ७ बाद ११७. म्हणजे २१२ आणि २१३. जुळलं. तिसरा ब्रायटनला, २३ ते २५ जुलै. इंग्लंड २७ आणि १६९, ससेक्स ७७ आणि ९५. फरक २४, इंग्लंड विजयी.

त्या २७ वर जरा थांबा. सगळा संघ २७ मध्ये गुंडाळला जातो, पन्नास धावांनी मागे पडतो, आणि तरी जिंकतो. अशा ठिकाणी मी कार्डाच्या बाजूला प्रश्नचिन्ह काढते आणि त्या आठवड्यात मैदानाबाहेर काय चाललं होतं ते शोधते. दुसरा सामना हरल्यावर इंग्लंडच्या नऊ व्यावसायिक खेळाडूंनी लेखी जाहीर केलं होतं, की ससेक्सचे गोलंदाज चेंडू फेकणं बंद करून सरळ टाकणार नसतील तर आम्ही तिसरा सामना खेळणार नाही. नंतर त्यांनी ते मागे घेतलं. आणि तिसऱ्या सामन्यात इंग्लंडकडून जी. टी. नाइट हा हौशी खेळाडू स्वतःच राउंडआर्म टाकत होता. म्हणजे ज्याबद्दल भांडण, तेच हत्यार दोन्ही बाजूंनी हातात घेतलं. हे कळलं की तो निकाल वेगळाच दिसू लागतो. माझ्या मते लिलीव्हाइट त्या दिवशी सामना हरला, पण वाद जिंकला.

तारखांचीही बेरीज-वजाबाकी करा. लिलीव्हाइटचा जन्म १३ जूनचा. पहिला सामना खेळला तेव्हा तो ३४ वर्षांचा होता, दुसरा खेळला तेव्हा ३५ चा. ज्या वयात आपल्याकडे निवड समिती फोन करायचं बंद करते त्या वयात हा माणूस खेळाचा कायदा हलवत होता. मोठ्या सामन्यांत त्याचं नाव दिसायला लागतं तेच मुळी १८२५ पासून. त्याआधी काय? त्याकडे येते.

आता रिकाम्या घरांकडे.

आपल्या वहीत झेलबाद झाला की आपण दोन नावं लिहितो, झेलणाऱ्याचं आणि गोलंदाजाचं. त्या काळच्या कार्डात फक्त झेलणाऱ्याचं असे. यष्टिचीतलाही तेच. टॉम बॉक्स हा ससेक्सचा नावाजलेला यष्टिरक्षक. कार्डात ‘यष्टिचीत बॉक्स’ एवढंच, चेंडू कोणी टाकला ते नाही. गोलंदाजाचं नाव यायचं ते त्रिफळा उडाला तरच. १८३० च्या दशकाच्या मध्यापासून हे हळूहळू सुधारत गेलं, पण सगळीकडे एकदम नाही. गोलंदाजाने धावा किती दिल्या हे तर बहुतेक कार्डांत नसतंच.

म्हणून लिलीव्हाइटच्या नावापुढे एकच आकडा कधी लिहू नका. दोन रकाने पाडा, किमान आणि कमाल. समजा एका डावात दहा गडी बाद झाले. चौघांचे त्रिफळे लिलीव्हाइटने उडवले, दोघांचे ब्रॉडब्रिजने, तिघे झेलबाद, एक धावचीत. लिलीव्हाइटचे किमान बळी ४. त्या तीन झेलांचे मालक माहीत नाहीत, ते सगळे त्याचे असू शकतात. म्हणून कमाल ७. धावचीत कोणाचाच नाही. असं एकेक डाव करत जा. आज त्याच्या नावावर दीड हजाराहून अधिक बळी सांगितले जातात. तो आकडा बघताना सुरुवातीच्या वर्षांतले न लिहिलेले झेल लक्षात ठेवा. त्याची गोलंदाजी अचूक, संथ ते मध्यमगती. फलंदाजाला फटका मारायला लावून झेल काढणारी. अशा गोलंदाजाचं त्या पद्धतीत सर्वांत जास्त नुकसान होतं. सरळ यष्ट्या फोडणाऱ्या वेगवान गोलंदाजाचं कमी होतं. म्हणून त्या काळातल्या दोन गोलंदाजांची नुसत्या ‘त्रिफळा’च्या संख्येवरून तुलना करू नका. ही चूक मी स्वतः वर्षभर केली.

वाइडचंही असंच. लिलीव्हाइटने सबंध कारकिर्दीत पाच-सहासुद्धा वाइड टाकले नाहीत असं लोक कौतुकाने सांगत आले आहेत. कौतुक खरंच आहे, पण कार्डांवर वाइड वेगळे दिसू लागले ते १८२० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी ते बाइजमध्ये, म्हणजे बॅटला न लागता मिळालेल्या धावांत, मिसळून जात. तेव्हा त्याच्या १८२५ किंवा १८२६ च्या कार्डात वाइड नाही, म्हणजे टाकला नाही, असं म्हणता येत नाही. बाइजचा आकडा बघा आणि गप्प बसा.

षटक चार चेंडूंचं होतं हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी सवयीने सहाने गुणत राहिले होते.

त्याच पानावर कायद्याची तीन वर्षं लिहा. १८२८, हात कोपरापर्यंत न्यायला परवानगी. १८३५, खांद्यापर्यंत. १८६४, हवा तितका वर. कार्ड कोणत्या वर्षाचं ते बघून गोलंदाजाचा हात डोळ्यांसमोर आणायचा. १८२७ मध्ये लिलीव्हाइट कायदा मोडत होता. १८२८ मध्ये कायदा त्याच्या दिशेने सरकला, आणि १८३५ मध्ये तो जसा टाकत होता तसा टाकणं रीतसर झालं. तेव्हा तो त्रेचाळिशीत आला होता. आठ वर्षं हा माणूस रोज कुठल्या ना कुठल्या पंचाच्या मर्जीवर चेंडू टाकत होता, हे कुठल्याच कार्डात लिहिलेलं नाही.

नावं कशी छापली आहेत तेही नीट बघा. नाइटच्या नावामागे आद्याक्षरं आणि पुढे ‘एस्क्वायर’. लिलीव्हाइटच्या वाट्याला नुसतं आडनाव. आद्याक्षरं असलेला तो हौशी, घरचं खाऊन खेळणारा. आडनावाचा तो पैसे घेऊन खेळणारा. जुन्या मराठी दस्तऐवजात कोणापुढे ‘रावसाहेब’ आणि कोणाचं नुसतं नाव हे बघतो ना, तसंच. काही कार्डांत एका बाजूला अकरा आणि दुसऱ्या बाजूला सोळा किंवा बावीस नावं असतात. दुबळ्या संघाला जास्त माणसं द्यायची पद्धत होती. आणि कधी कधी लिलीव्हाइट ‘जंटलमन’ संघात दिसेल. तो जंटलमन झाला नव्हता. हौशी मंडळींना स्वतःचे गोलंदाज पुरे पडत नसत, म्हणून त्याला आणि ब्रॉडब्रिजला त्यांच्या बाजूने ‘दिलं’ जाई. अशा कार्डांवर मी कोपऱ्यात खूण करते आणि ते बळी वेगळे मोजते.

एवढं झालं की कार्ड बाजूला ठेवा आणि नकाशा उघडा. शेफील्ड ससेक्सपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. १८२७ मध्ये त्या वाटेवर रेल्वे नव्हती. लंडन-ब्रायटन लोहमार्गच पुरा झाला १८४१ मध्ये. म्हणजे घोड्यांच्या गाडीने, हाडं खिळखिळी करत जायचं आणि उतरून तीन दिवस टाकायचं. ब्रॉडब्रिज तर डंक्टन गावाहून ब्रायटनपर्यंत सामन्यासाठी चालत जाई म्हणतात. खेळाडू एखाद्या सामन्यात नसेल तर ‘वगळला’ असं लगेच लिहू नका. आधी रस्ता बघा.

आता ती आधीची वर्षं. लिलीव्हाइटचं गाव वेस्टहॅम्पनेट, गुडवुडच्या ड्यूक ऑफ रिचमंडच्या जहागिरीला लागून. या गुडवुडचं क्रिकेटशी नातं जुनं आहे. १७२७ मध्ये तिथल्या ड्यूकने आणि ब्रॉडरिक नावाच्या गृहस्थाने आपापसातल्या सामन्यांसाठी लेखी कलमं केली. खेळाच्या जपून राहिलेल्या सर्वांत जुन्या नियमांपैकी ती आहेत. बरोबर शंभर वर्षांनी त्याच जहागिरीशेजारचा, वीटकाम करणारा माणूस नियम बदलायला निघाला. तेहतिशीपर्यंत त्याचं आयुष्य विटांत गेलं आणि विटांच्या कामाचं कोणी स्कोअरबुक ठेवत नाही.

अशा माणसाचा शोध घ्यायला चर्चच्या नोंदवह्या लागतात. इंग्लंडमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १ जुलै १८३७ पासून. त्याआधीच्या माणसाचा जन्म सरकारी नोंदीत शोधण्यात वेळ घालवू नका. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची तारीख मिळते आणि ती जन्मतारीख नसते. दोन्ही वेगवेगळ्या लिहा. मग जनगणना. १८४१ च्या जनगणनेत एक खोच आहे. पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचा आदेश होता. ती मोजणी झाली ६ जूनला, म्हणजे लिलीव्हाइटच्या एकोणपन्नासाव्या वाढदिवसाच्या एक आठवडा आधी. ४८ वर्षांच्या माणसाचं वय त्या आदेशाप्रमाणे ४५ पडतं. त्यावरून जन्मसाल काढायला गेलात तर तीन-चार वर्षांनी चुकाल. १८५१ ची जनगणना जास्त भरवशाची, तिच्यात पूर्ण वय आणि जन्मगाव असतं.

धंद्याचा रकानाही वाचा. खेळाडूंच्या बाबतीत तिथे ‘क्रिकेटपटू’ क्वचित असतं. गवंडी, शिंपी, पबचा मालक, असंच सापडतं. लिलीव्हाइटने ब्रायटनमध्ये काही वर्षं पब चालवला आणि क्रिकेटचं मैदानही. १८३९ मध्ये ससेक्सचा काउंटी क्लब स्थापन झाला, आजच्या काउंटी क्लबांत तो सर्वांत जुना. १८४४ मध्ये लिलीव्हाइट लॉर्ड्सवर एमसीसीच्या, म्हणजे मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या, नोकरीत लागला. पन्नाशी उलटलेला माणूस सदस्यांना सरावासाठी चेंडू टाकायला ठेवला होता. बॉक्सने यष्टिरक्षण करावं, पिल्चने फलंदाजी करावी आणि गोलंदाजी माझी, मग क्रिकेट बघा, अशा अर्थाचं तो म्हणायचा असं सांगतात. फुलर पिल्च हा तेव्हाचा सर्वांत मोठा फलंदाज. इतका विश्वास असलेल्या माणसाला सरावाचे चेंडू टाकताना काय वाटत असेल, हे मला मैदानावरचे आमचे म्हातारे गोलंदाज बघून थोडंसं कळतं. ते नेटमध्येसुद्धा रागावतात.

नावांचा गोंधळ हा शेवटचा मोठा खड्डा. लिलीव्हाइट आडनावाचे इतके जण आहेत की वंशवृक्ष काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. विल्यमची मुलं जेम्स, जॉन आणि फ्रेड. त्यातला जेम्स ‘सीनियर’ म्हणून ओळखला जातो. ‘जेम्स लिलीव्हाइट ज्युनियर’ हा त्याचा मुलगा नव्हे, चुलतभाऊ. विल्यमचा पुतण्या. मार्च १८७७ मध्ये मेलबर्नला पहिला कसोटी सामना झाला, त्यात इंग्लंडचा कर्णधार होता तो हा ज्युनियर. सीनियर-ज्युनियर पाहून बाप-लेक समजण्याची चूक भले भले करतात.

जॉनची एक नोंद मात्र स्वतंत्र पानावर लिहिण्यासारखी आहे. २६ ऑगस्ट १८६२, ओव्हल. इंग्लंड विरुद्ध सरे. एडगर विल्शर हा केंटचा गोलंदाज हात खांद्याच्या वर नेतो म्हणून पंचाने त्याला लागोपाठ सहा वेळा नो-बॉल दिला. पंच होता जॉन लिलीव्हाइट, ज्याच्या बापाने हात वर नेल्याबद्दल सगळ्या इंग्लंडचा रोष घेतला होता त्याचा मुलगा. विल्शरबरोबर व्यावसायिक खेळाडू मैदान सोडून गेले. दुसऱ्या दिवशी सामना पुढे चालला, पण जॉनच्या जागी दुसरा पंच उभा होता. दोन वर्षांनी ओव्हरआर्म कायदेशीर झाली. जॉनला लोक दोष देतात, मी देत नाही. त्याच्या हातात होता तो कायदा त्याने वाचला.

आणि फ्रेड. त्याच्याबद्दल लिहिताना मला भरून येतं. त्याने १८४८ मध्ये लॉर्ड्सवर सामना चालू असतानाच स्कोअरकार्ड छापून विकायला सुरुवात केली. पुढे तंबू आणि छापखाना घेऊन तो मैदानोमैदान फिरला. १८५९ मध्ये इंग्लंडचा पहिला परदेश दौरा अमेरिका-कॅनडाला निघाला तेव्हा स्कोअरर म्हणून गेला आणि तो सगळा सरंजाम बोटीवर चढवून घेऊन गेला. हेगार्थ यांनी जमवलेल्या स्कोअरचे पहिले खंड १८६२ मध्ये त्यानेच छापले. ज्या बापाचे कितीतरी झेल कोणी लिहून ठेवले नाहीत, त्याच्या मुलाने आयुष्य स्कोअर लिहिण्यात घातलं. याचा त्याच्याशी संबंध होता असं मला सिद्ध करता येणार नाही. मला तसं वाटतं, एवढंच.

हीच पद्धत मी पुढे पालवणकर बाळूंच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी वापरली. त्या उन्हाळ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले आणि तोवर झेलापुढे गोलंदाजाचं नाव लिहिलं जात होतं, त्यामुळे किमान-कमाल करावं लागलं नाही. पण पुण्यात जिमखान्यावर खेळपट्टीची कामं करत, साहेबांना नेटमध्ये चेंडू टाकत काढलेली वर्षं तिथेही कोऱ्या घरांत आहेत.

लिलीव्हाइटचं शेवटचं पान असं भरा. जुलै १८५३, लॉर्ड्स, त्याच्या मदतीसाठीचा सामना, ससेक्स विरुद्ध इंग्लंड. तो स्वतः खेळला, ६१ व्या वर्षी. पुढच्या उन्हाळ्यात लंडनमध्ये कॉलरा आला. २१ ऑगस्ट १८५४ रोजी इझ्लिंग्टनला त्यात तो गेला. दहाएक दिवसांनी सोहोच्या ब्रॉड स्ट्रीटवर तीच साथ भडकली आणि डॉक्टर जॉन स्नो यांनी पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवलं. लिलीव्हाइटला हायगेटला पुरलं, जिथे पुढे कार्ल मार्क्सलाही पुरलं.

वयाच्या रकान्यात ६२ वर्षं २ महिने ८ दिवस लिहा. बळींच्या रकान्यात किमान आणि कमाल, दोन्ही आकडे तसेच राहू द्या. त्यांची सरासरी काढू नका.